नेब्रास्काच्या वाळूटेकड्यांत ग्राऊजची पहिली शिकार, सोबत वाटाड्या नाही. चार दिवसांचा बेत जरा तपासून द्याल का?

माळकरी_बार्शी:

मंडळी नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यापेक्षा बरं.

मी ओमाहात अकरा वर्षं आहे. वय ४४, ग्रीन कार्ड. गाव बार्शीजवळ. आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, ती माझ्या जन्माआधीच सरकारजमा झाली. मला बघायला मिळाले ते भिंतीतले दोन खिळे. म्हणजे घराण्यात शिकार आहे असं म्हणायला जागा आहे, पण मी स्वतः आजवर मातीच्या तबकड्या सोडून कशावरही बार टाकलेला नाही. त्या मात्र दोन वर्षं नेमाने फोडतोय. पंचवीसात सतरा-अठरा.

ऑफिसातला एक जण दरवर्षी शार्पटेलला, म्हणजे कोंबडीसारख्या माळरानी ग्राऊज पक्ष्याच्या एका जातीच्या शिकारीला, जातो. यंदा त्याच्याबरोबर जायचं ठरलं होतं, पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आता रजा मंजूर आहे, २० गेजची दुनळी घेऊन ठेवलीय आणि बायकोने 'जा एकदाचा' म्हटलंय. तिन्ही गोष्टी पुन्हा एकत्र येतील याची खात्री नाही, म्हणून एकट्यानेच जायचं ठरवतोय. पैसे देऊन वाटाड्या घ्यायचा नाही. परवडत नाही असं नाही, पण मग माळ त्याने वाचायचा आणि मी नुसता चाप ओढायचा, त्यात काय मजा?

बेत असा आहे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. बुधवारी रात्री निघून गुरुवारी हॅल्सीचं राष्ट्रीय वन. शुक्रवारी वर मॅकेल्वी, तेही राष्ट्रीय वनच. शनिवारी व्हॅलेंटाइनचं वन्यजीव अभयारण्य. रविवारी पहाटे साऊथ डकोटात फोर्ट पियरचा गवताळ प्रदेश, दुपारी तिथून निघून रात्रीपर्यंत ओमाहा. चार जागा केल्या की एकीत तरी पक्षी भेटेलच, असा हिशोब.

कुत्रा नाही. मुलीला ॲलर्जी आहे.

प्रश्न: बेत बरा आहे का? कुत्र्याशिवाय जमतं का? छर्रे कुठले? आणि ते शोधायचे नेमके कुठे? नकाशावर सगळीकडे एकसारखी पिवळट हिरवी सुरकुती दिसते, दुसरं काही नाही.

--

डेस_मॉइन्सचा_देशी:

दादा, तुमचं ग्रीन कार्ड आहे म्हणून तुम्हाला अडचण नाही. पण हा धागा वाचून कोणी एच-१बी वाला मित्राची बंदूक उचलायला जाईल, त्याच्यासाठी लिहून ठेवतो. नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्याला इथल्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. त्याला जे अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे आधी परवाना, मग बंदुकीला हात. हा क्रम उलटा झाला तर प्रकरण दंडावर भागत नाही.

शिकारीबद्दल मला काही कळत नाही. मी वर्षातून दोनदा मासे पकडतो आणि सोडून देतो.

--

लूपकाठचा:

माळकरी, बेत वाचला. आधी हिशोब सांगतो, मग पक्षी.

तुम्ही चार दिवसांत चार जागा लिहिल्यात. हॅल्सीहून मॅकेल्वी दोन तास, मॅकेल्वीहून अभयारण्य तासभर, तिथून फोर्ट पियर दोन-अडीच तास, आणि पियरहून ओमाहा सहा-सात तास. शिवाय फोर्ट पियर दुसऱ्या राज्यात. अर्ध्या दिवसासाठी साऊथ डकोटाचा परराज्यातल्यांचा परवाना काढणार? तुमची शिकार गाडीच्या काचेतून होईल. मी १९९७ साली हेच केलंय. तीन दिवस, पाच जागा, तीन टाक्या पेट्रोल, पक्षी शून्य. पक्षी नव्हते असं नाही. मी प्रत्येक जागी पोचायचो, दोन मैल चालायचो, काही उठलं नाही की 'इथे नाहीत' म्हणून गाडीकडे वळायचो. दोन मैलांत कोणाला काय कळतं!

एकच जागा धरा. हॅल्सी धरा. चारही दिवस तिथेच.

का, ते सांगतो. हा पक्षी रोज तिथेच असतो, पण त्या दिवशीच्या वाऱ्यावर, उन्हावर आणि पोटात काय चाललंय त्यावर जागा बदलतो. पहिल्या दिवशी तुम्ही चुकीच्या उतारावर चालणार, हे नक्की. दुसऱ्या दिवशी एखादा थवा लांबून उठताना दिसेल. तो कुठून उठला तिथे जाऊन उभे राहाल, खाली विष्ठा बघाल, काय खाल्लंय बघाल, आणि तशीच दुसरी टेकडी शोधाल. तिसऱ्या दिवशी तुम्हाला शिकारी म्हणता येईल. रोज नवी जागा म्हणजे रोज पहिला दिवस.

हॅल्सीचा इतिहास गमतीचा आहे. या वाळूटेकड्यांवर झाडं का नसावीत, असा प्रश्न चार्ल्स बेसी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पडला. त्याच्या आग्रहाखातर १९०२ मध्ये थिओडोर रूझवेल्टने ही जमीन राखीव केली आणि हाताने जंगल लावायला सुरुवात झाली. रोपवाटिका आजही चालू आहे. सगळं मिळून ९०,००० एकरांच्या आसपास, त्यातली झाडं थोड्याच भागावर. बाकी सगळं मोकळं गवत. 'राष्ट्रीय वन' ही पाटी बघून नवखा माणूस पाइनच्या सावलीत शिरतो. ग्राऊज नेमका उलटा. झाड म्हणजे त्याच्यावर झडप घालणाऱ्या ससाण्याची बैठक. जिथून एकही झाड जवळ दिसत नाही अशा बाजूला जा.

आता टेकडी. नकाशावरची सुरकुती जमिनीवर उतरलात की उलगडते. सकाळी ते चरायला पसरलेले असतात, टेकडीच्या माथ्यालगतच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, वाऱ्याच्या आडोशाला. तिथून त्यांना चहूकडे दिसतं आणि पाठीला वारा लागत नाही. दुपारी ऊन चढलं की रानप्लमच्या जाळ्यांत किंवा उत्तर उतारावरच्या झुडपांत सावलीला बसतात. पार तळाच्या ओल्या कुरणात फार वेळ घालवू नका, तिथलं गवत मांडीएवढं, चालून जीव जातो. गुडघ्याच्या खालचं, मध्ये मध्ये मोकळी वाळू दिसणारं गवत बघा. सप्टेंबरअखेर लिटल ब्लूस्टेम नावाचं गवत तांबूस होतं, विटकरीच्या चुऱ्यासारखं. त्या तांबूस पट्ट्यात रानगुलाबाची झुडपं दिसली की पावलं हळू करा.

वाऱ्याच्या तोंडावर चालायचं. गाडीचं दार आपटायचं नाही. गाडीत बसूनच बंदूक, टोपी, पाणी सगळं आवरून घ्या, उतरल्यावर खुडबूड नको. यांचे कान तुमच्या बायकोपेक्षा तिखट आहेत.

कुत्र्याशिवाय जमतं. सप्टेंबरात यंदाची पिल्लं असतात, ती दबून बसतात. नोव्हेंबरात हेच पक्षी मोठे थवे करतात आणि दोनशे यार्डांवरून उठतात, तेव्हा कुत्रा असला तरी काय उपयोग. तुम्ही नागमोडी चाला आणि दर चाळीस-पन्नास पावलांवर थांबा. नुसतं थांबा, अर्धा मिनिट. चालणारा माणूस जवळून गेला तर पक्षी सोडून देतो. थांबलेला माणूस त्याला सहन होत नाही. माझे निम्मे पक्षी मी थांबलो असताना उठलेत, आणि त्यातले निम्मे मी पाण्याची बाटली तोंडाला लावलेली असताना.

उठताना शार्पटेल 'कक-कक-कक' करत हसतो. खरंच हसल्यासारखं वाटतं, आणि पहिल्यांदा तुम्ही बंदूक विसरून ऐकत राहाल. फडफड फडफड आणि मग पंख ताणून तरंगतो, पुन्हा फडफड. तरंगताना हळू वाटतो. हळू नसतो. नळी पुढे न्या.

सगळ्यात महत्त्वाचं: पहिला उठला की बाकीचे सगळे उठले असं समजू नका. दोन बार झाले की जागेवर उभं राहून आधी काडतुसं भरा, मग पडलेल्याकडे जा. मागे राहिलेला एक तरी असतो आणि तो तुमची बंदूक उघडी असण्याची वाट बघत असतो.

पक्षी गवताच्या ज्या काडीशी पडला तिच्यावरून नजर हलवू नका. जिथून बार टाकला तिथे टोपी गवतावर टाका, सरळ चालत जा, दुसरी खूण तिथे ठेवा आणि तिच्याभोवती गोल वाढवत शोधा. या गवतात पडलेला पक्षी पाठ वर करून पडला तर बुटाखाली येईपर्यंत दिसत नाही. पोट वर असेल तर पांढरं चमकतं.

छर्रे ६ नंबर. साडेसातही चालतात या महिन्यात. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळपणा, एका नळीत इम्प्रूव्हड सिलिंडर (सैल), दुसरीत मॉडिफाइड (जरा घट्ट). हॅल्सीला शिसं चालतं, पण पुढेमागे व्हॅलेंटाइन अभयारण्यात गेलात तर तिथे शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादी किंवा दुसरे बिनविषारी लागतात.

परवान्याबरोबर हॅबिटॅट स्टॅम्प घ्यायला विसरू नका. शिकार-शिक्षणाचा कोर्स नेब्रास्कात १२ ते २९ वयाला सक्तीचा आहे, तुम्हाला नाही. तरी करा. उद्या कोलोरॅडोला जावंसं वाटलं तर तिथे १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र मागतात. दिवसाला तीन पक्षी, शार्पटेल आणि प्रेअरी चिकन (ही ग्राऊजचीच दुसरी जात) मिळून तीन. तीनची काळजी तुम्हाला यंदा करावी लागणार नाही.

--

माळकरी_बार्शी:

काका, (काका म्हणू ना? १९९७ ला मी बारावीत पण नव्हतो) एवढं कोणी लिहून दिलं नव्हतं. चार जागांचा कागद फाडला. हॅल्सी एके हॅल्सी.

उरलेली शंका ओळखीची. मादी फेझंट मारली तर गुन्हा, बरोबर? ती आणि हे, दोन्ही तपकिरी. उठल्यावर अर्ध्या सेकंदात कसं ओळखायचं?

--

लूपकाठचा:

काकाच म्हणा. मी १९९१ चा आहे इथे, केस सगळे याच वाळूत गेले.

शेपूट बघा, शेपूट. फेझंटच्या मादीची शेपूट लांब, मागे काठी लावल्यासारखी. शार्पटेलची आखूड, मधली दोन पिसं टोकदार आणि कडा पांढऱ्या, उडताना मागून पांढरं लुकलुकतं. प्रेअरी चिकनची त्याहून आखूड, गोल आणि काळपट. हातात आल्यावर तर शंकाच नाही. शार्पटेलच्या छातीवर बाणाच्या फाळासारख्या खुणा, प्रेअरी चिकनच्या अंगावर आडवे पट्टे, वाघासारखे. आणि दोघांच्याही पायांवर पिसं, पायजमा घातल्यासारखी. फेझंटचे पाय उघडे. साफ करताना एक पाय पिसांसकट तसाच ठेवा, वाटेत वॉर्डनने विचारलं तर वाद नको.

आणि शंका आली की मारायचं नाही. पक्षी हसला तर मारा.

--

रानवेडी:

मिनियापोलिसहून. मी नॉर्थ डकोटात जाते, माझ्या कुत्रीबरोबर, तिचं नाव जिलबी. काकांशी नव्वद टक्के सहमत. दहा टक्के भांडण पुढे.

काका, तुम्ही उन्हाबद्दल काहीच लिहिलं नाहीत! सप्टेंबरचा शेवट म्हणजे सकाळी पाच अंश आणि दुपारी तीस, दोन्ही एकाच दिवशी होतं. माळकरीदादा, तुम्ही वाळूत चालणार आहात. वाळूतले आठ मैल म्हणजे रस्त्यावरचे पंधरा धरा. तीन लिटर पाणी पाठीवर, बाकीचं गाडीत. मी पहिल्या वर्षी एक बाटली घेऊन गेले आणि गुरांच्या टाकीतलं पाणी प्यायचा विचार करत बसले होते. साचलेल्या तळ्यांचं तर कुत्र्यालाही पाजू नये, निळंहिरवं शेवाळ विषारी असतं.

उन्हामुळे मांसाचंही वाटोळं होतं. पक्षी पिशवीत कोंबून दुपारपर्यंत हिंडू नका. जागीच पोट उघडून आतडी काढा, आत हवा लागू द्या, गाडीतल्या बर्फाच्या पेटीत ठेवा, पण वितळलेल्या पाण्यात भिजू देऊ नका.

साप. प्रेअरी रॅटलस्नेक वाळूटेकड्यांत आहे. घाबरण्यासारखं नाही, पण पडलेला पक्षी उचलायला गवतात हात घालताना आधी बघा. आणि सँडबर! आपल्या गोखरूची आठवण येईल. बुटाच्या नाड्यांत अडकतात आणि रात्री सोडवताना बोटांत घुसतात. नाड्यांवर गेटर (बूट-पोटरी झाकणारं कापडी आवरण) बांधा. जिलबीच्या पंजातून मी एका दिवसात एकवीस काटे काढलेत, मोजून.

अजून एक. उंच सुक्या गवतात गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरने आग लागते. आणि गाडीची जागा फोनमध्ये खूण करून ठेवा, नकाशा आधीच उतरवून घ्या, कारण रेंज नसते. टेकडीवरून मागे वळून बघितलं की शंभर टेकड्या आणि सगळ्या बहिणी-बहिणी. पवनचक्की दिसली की तिचा नंबर आणि दिशा लक्षात ठेवा. घरी कागदावर लिहून ठेवा कुठल्या रस्त्याने आत शिरणार आहात.

काकांशी भांडण एवढंच की चारही दिवस एकाच जागी राहायचं, तर त्या जागेला कुंपण कुठे संपतं हे आधी कळलं पाहिजे. नेब्रास्काची ९७ टक्के जमीन खाजगी आहे. नॉर्थ डकोटात आमच्याकडे पिवळी उलटी त्रिकोणी पाटी दिसली की शिरायचं, सोपं. तुमच्याकडे वनाच्या सीमेला लागून रँच आहेत आणि तार दोन्हीकडे सारखीच. ऑनएक्स हे जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप घ्या, किंवा राज्याचा पब्लिक ॲक्सेस ॲटलस फुकट मिळतो तो घ्या. गेट जसं सापडलं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

--

लूपकाठचा:

ताई, मान्य. उन्हाचं विसरलो. म्हातारपणी थंडीच जास्त आठवते.

कुंपणाचंही खरं. एक भर घालतो: महामार्ग २ वरून पश्चिमेला मलनकडे गेलात तर घड्याळ एक तास मागे जातं. हॅल्सी सेंट्रल वेळेत, मलन माउंटन वेळेत. जेवायला जाऊन परत आलात की सूर्यास्ताचा हिशोब चुकतो, आणि बार टाकायची वेळ सूर्यास्ताला संपते.

--

साधा_प्रश्न:

सगळं वाचलं. राग नाही, खरंच विचारतोय. इथे आपण वर्षभर माळढोकच्या बातम्यांवर हळहळतो, किती उरले म्हणून. आणि मग तशाच माळावरच्या पक्ष्याला मारायला चार दिवस रजा काढायची?

--

माळकरी_बार्शी:

प्रश्न साधा नाही, पण रास्त आहे. मी स्वतःला विचारलाय.

माळढोक मी एकदाच पाहिलाय, शाळेत असताना, बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या नान्नजला. मास्तरांनी सहलीला नेलं होतं. लांब, उन्हाच्या झळांत हलणारा एक ठिपका, मान वर करून चालत होता. मला वाटलं कोणी धोतरवाला म्हातारा चाललाय. तो पक्षी आज मारणारा माणूस मला माझ्या हाताने पोलिसात द्यायला आवडेल.

इथला हिशोब वेगळा आहे, असं मी मानतो. शार्पटेल नेब्रास्कात भरपूर आहे, म्हणून हंगाम आहे, म्हणून दिवसाला तीनची मर्यादा आहे. इथल्याच एका पूर्वेकडच्या जातभाईचं, हीथ हेनचं, १९३२ मध्ये नाव पुसलं गेलं, ते या लोकांना चांगलंच आठवतं. माझ्या दुनळीवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, तो १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांच्या कामाला राज्यांकडे जातो. मी चांगला माणूस आहे असं यातून सिद्ध होत नाही. पण माळाला खरा मार बंदुकीने बसत नाही. माळ नांगरला जातो, नाहीतर 'पडीक' म्हणून त्यावर झाडं लावली जातात. नान्नजच्या गवतात ग्लिरिसिडियाची झाडं लावली होती. इथे सीडरची झाडं पसरतायत. काकांनी सांगितलेली बेसीसाहेबांची गोष्ट वाचून मला तेच आठवलं.

कोंबडी मी दर रविवारी खातो. ती कोणीतरी माझ्यासाठी मारतं. एकदा तरी ते काम स्वतः करून बघावं, एवढंच. करून झाल्यावर नकोसं वाटलं तर तेही इथे लिहीन.

--

साधा_प्रश्न:

लिहा. पटलं नाही, पण लिहा.

--

रानवेडी:

परत आल्यावर शिजवायचं विसरू नका. आणि प्लीज कुकरला लावू नका! मांस गडद असतं, काळिजासारखं लाल. जास्त शिजलं की चवही काळिजासारखी होते, आणि मग लोक म्हणतात ग्राऊज उग्र लागतो. छातीचे तुकडे मीठ-मिरी लावून तापलेल्या तव्यावर, दोन्ही बाजूंनी जरा जरा, आत गुलाबी राहिलं पाहिजे. तंगड्या वेगळ्या ठेवा, त्यांचा तुमच्या बार्शीच्या काळ्या मसाल्यात रस्सा करा, तासभर मंद आचेवर. माझा नवरा कोल्हापूरचा आहे, तो तांबडाच म्हणतो. मी त्याचं ऐकत नाही.

--

माळकरी_बार्शी (तीन आठवड्यांनी):

मंडळी, जाऊन आलो. कबूल केल्याप्रमाणे सगळं लिहितो, फजितीसकट.

गुरुवार. नऊ मैल चाललो. एक हरीण, असंख्य टोळ, सँडबर. ग्राऊज एकही नाही. दुपारी दोनला गाडीत बसून मॅकेल्वीचा नकाशा उघडला होता. खोटं कशाला बोलू, चावी फिरवली होती. मग काकांचे 'तीन टाक्या पेट्रोल' आठवले आणि चावी काढून खिशात टाकली.

शुक्रवार. पहाटे थंडी, बोटं बधिर. साडेआठला एका लांबच्या माथ्यावरून सात-आठ पक्षी उठले, माझ्यापासून तीनेकशे यार्डांवर. मी दोन टेकड्या ओलांडून बरोबर त्याच जागी गेलो. तिथे वाळूत बसक्या खळग्या होत्या, धुळीत लोळल्यासारख्या, आणि दोन पिसं. उभा राहिलो आणि बघितलं की त्यांना काय दिसत होतं. मी गाडीपासून निघाल्यापासूनचा पूर्ण रस्ता दिसत होता! माझी केशरी टोपी त्यांनी अर्धा तास येताना बघितली असणार.

शनिवार. मागच्या बाजूने, वाऱ्याच्या तोंडावर, माथ्याच्या आडून गेलो. गुलाबाची झुडपं, तांबूस गवत, सगळं काकांच्या वर्णनासारखं. थांबलो. पाणी प्यायला बाटली काढली (हो, हो). तीन पक्षी एकदम उठले, हसत. मी बाटली टाकली, दोन बार टाकले, दोन्ही आकाशात. बंदूक उघडली. रिकामी टरफलं बाहेर उडाली, नवीन काडतुसं दोन बोटांत धरलेली, आणि चौथा माझ्या डाव्या बुटापासून सहा फुटांवरून उठला. मी उघडी बंदूक घेऊन त्याच्याकडे बघत राहिलो. त्याने आरामात तरंगत दरी ओलांडली. काका, तुम्ही अक्षरशः हेच लिहिलं होतं, आणि मी ते वाचून मान डोलावली होती.

दुपारी चारला, त्याच माथ्याच्या उत्तर उतारावर, प्लमच्या जाळीजवळ एकटा उठला. पांढरी शेपूट दिसली. एक बार. पडला. नजर काडीवर ठेवली, टोपी टाकली, चालत गेलो, आणि पंचवीस मिनिटं सापडला नाही. त्या पंचवीस मिनिटांत मला जेवढं वाईट वाटलं तेवढं आधी आणि नंतर वाटलं नाही. मारून हरवला तर मारला कशाला? शेवटी खुणेपासून आठ पावलांवर पाठ वर करून पडलेला मिळाला. मी त्याच्यावरून दोनदा गेलो असणार.

गरम होता. पायांची पिसं बोटांपर्यंत, मांजराच्या पंजासारखी मऊ. बराच वेळ तसाच हातात धरून वाळूत बसलो. साधा_प्रश्न यांना सांगतो: आनंद झाला आणि रडूही आलं, दोन्ही खरं. यापेक्षा स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही.

गळ्याखालची दाण्याची पिशवी उघडली. गुलाबाची लाल बोंडं, अकरा. चार टोळ, एकाचे पाय अजून शाबूत. आणि कसलीतरी हिरवी पानं. त्या बोंडांचा रंग बघून रविवारी फक्त गुलाबाच्या झुडपांमागे हिंडलो. पक्षी दिसले दोनदा, दोन्ही वेळा लांबून. बार टाकला नाही.

छातीचे तुकडे तव्यावर केले. मुलीने दोन खाल्ले, बायकोने एक घेऊन 'मटणासारखं आहे' म्हणून दुसरा घेतला. तंगड्यांचा काळ्या मसाल्याचा रस्सा. ताई, तुमच्या नवऱ्याला सांगा, काळाच.

वाटेत पंख गोळा करायची पेटी दिसली, शिकाऱ्यांनी एक पंख टाकायचा असतो ती. एक पंख तिच्यात टाकला.

--

लूपकाठचा:

शाब्बास. गुरुवारची चावी खिशात टाकलीत, शिकार तिथेच झाली.

ती पेटी का असते माहितीय? पंखांवरून यंदाची पिल्लं किती आणि जुने पक्षी किती ते मोजतात, म्हणजे वीण कशी झाली ते कळतं. टाकण्याआधी टोकाची दोन मोठी पिसं बघितलीत का? टोकदार आणि झिजलेली असतील तर यंदाचं पिल्लू. गोलसर असतील तर म्हातारं, माझ्यासारखं.

--

माळकरी_बार्शी:

बघितली नाहीत. पण पेटीच्या झाकणावर ठेवून फोटो काढला होता, थांबा, मोठा करून बघतो.

टोकदार.